केस गळतीवरची नवी औषधं: चाचण्या कुठवर आल्या, आणि तोवर थांबायचं का?

इंदिरानगरी | १७ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझं वय २९, अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दोन वर्षांपासून कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतायत आणि भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागली आहे. कंपनीत पोचून हेल्मेट काढलं की आतल्या अस्तराला सात-आठ केस चिकटलेले असतात. ते बोटाने गोळा करून टाकतो आणि मगच गेटच्या आत जातो. वडील आणि मोठे मामा, दोघांचंही तिशीत असंच झालं होतं.

त्वचारोगतज्ज्ञ मॅडमना दाखवलं. त्यांनी एक छोटं यंत्र डोक्याला लावून स्क्रीनवर दाखवलं: एक केस जाड, त्याला लागूनच दुसरा लव असल्यासारखा बारीक. म्हणाल्या, अनुवंशिक आहे. मिनॉक्सिडिल ५ टक्के लावा, फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम घ्या. ती चिठ्ठी दोन महिने पाकिटातच आहे.

अडलंय ते दोन ठिकाणी. फिनास्टेराइडच्या दुष्परिणामांबद्दल नेटवर जे वाचलं त्याने झोप उडाली. आणि चुलतभाऊ म्हणतो, "दोन-तीन वर्षं दम धर, नवीन औषधं येतायत, आयुष्यभर गोळ्या कशाला गिळतोस?" त्याने व्हिडिओ पाठवले. एकात ५३९ टक्के जास्त केस, दुसऱ्यात झोपलेल्या मूळपेशी जाग्या होतात. भरीला शहरातल्या एका हेअर क्लिनिकमध्ये गेलो, तर तिथले म्हणाले मूळपेशी जाग्या करणारं तेच परदेशी औषध आमच्याकडे इंजेक्शनमधून मिळतं, सहा बैठका, ४८ हजार.

या औषधांचं खरं काय चाललंय हे कुणी नीट सांगेल का? आणि मी थांबू की चिठ्ठीतलं सुरू करू?

---

रविवारकारंजा | १७ जाने., रात्री १०:०५

भाऊ, मी ५२ वर्षांचा. या विषयाच्या मागे १९९८ पासून आहे, म्हणून आधी थोडा इतिहास.

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. १९७९ मध्ये गोळी म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. रोग्यांच्या कपाळावर, हातांवर केस वाढू लागले, मग ते द्रवरूपात डोक्याला लावायचं ठरलं आणि १९८८ मध्ये त्याला परवानगी मिळाली. फिनास्टेराइड प्रोस्टेटसाठी १९९२ मध्ये आलं, केसांसाठी १ मिलिग्रॅम १९९७ मध्ये. त्यानंतर आजतागायत पुरुषांच्या अनुवंशिक टकलासाठी तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एकही नवं रसायन मंजूर केलेलं नाही. दोन्ही औषधं दुसऱ्याच आजाराच्या वाटेवर सापडली. टक्कल समोर ठेवून जे जे शोधलं, ते अजून दारातच उभं आहे.

"पाच वर्षांत येणार" हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं ऐकतोय. माझं काय झालं ते नंतर लिहितो, आधी जाणकारांना बोलू दे.

---

सातपूरचा_साहेबराव | १७ जाने., रात्री १०:११

कोर्टातली केस पिढ्यान्‌पिढ्या चालते, डोक्यावरच्या केसांचा निकाल मात्र तिशीतच! बाकी प्रश्न मोलाचा आहे, वाचतोय.

---

त्वचेचं_गणित | १७ जाने., रात्री ११:२०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच प्रॅक्टिस करते. इंदिरानगरी, तुमच्या मॅडमनी सांगितलेलं निदान आणि औषध दोन्ही रास्त आहे. आता नव्या औषधांचं सांगते.

पहिलं क्लॅस्कोटेरोन. डीएचटी नावाचं संप्रेरक केसाच्या मुळाशी जाऊन बसतं आणि मूळ दर फेऱ्यात बारीक होत जातं. फिनास्टेराइड डीएचटी तयार होणंच कमी करतं, त्याचा परिणाम सगळ्या शरीरात होतो. क्लॅस्कोटेरोन मुळाशी असलेली डीएचटीची बैठकच अडवतं, तेही फक्त लावलेल्या जागी. त्याचं १ टक्का क्रीम मुरुमांसाठी अमेरिकेत २०२० पासून मंजूर आहे. टकलासाठी ५ टक्के द्रावणाच्या तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मंजुरी मागण्याआधीच्या मोठ्या, दोन चाचण्या झाल्या, मिळून १४६५ पुरुष. डब्लिनच्या कॉस्मो कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये निकाल जाहीर केले. एका चाचणीत ५३९ टक्के, दुसरीत १६८ टक्के सापेक्ष सुधारणा.

"सापेक्ष" हा शब्द व्हिडिओवाल्यांनी गाळला. समजा डमी, म्हणजे औषधच नसलेलं द्रावण लावणाऱ्या गटात एका चौरस सेंटीमीटरमध्ये सरासरी २ केस वाढले आणि खऱ्या औषधाच्या गटात १३. फरक ११ केसांचा, पण टक्केवारीत ५५०. आता समजा दुसरीकडे डमी गटात १० वाढले आणि औषधाच्या गटात २७. फरक १७ केसांचा, म्हणजे जास्त, टक्के मात्र १७०. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. डमी गटात जितकी कमी वाढ, तितकी टक्केवारी फुगते. औषध चालतं हे दोन्ही चाचण्यांत दिसलं, ही बातमी खरीच आनंदाची आहे. पण आरशासमोर उभं राहिल्यावर किती फरक दिसेल, ते ५३९ वरून कळत नाही.

दुसरं पीपी४०५. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधनातून निघालेलं. केसाच्या मुळातल्या मूळपेशी लॅक्टेट जास्त बनवायला लागल्या की जाग्या होतात, हे त्यांनी २०१७ मध्ये उंदरांत दाखवलं. पायरुव्हेटला (साखरेपासून पेशीत बनणारं इंधन) पेशीच्या ऊर्जाघरात जायची वाट बंद केली की लॅक्टेट वाढतं, हे औषध तेवढंच करतं. दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागात ७८ माणसं होती, चार आठवडे जेल लावलं. आठव्या आठवड्यात, जास्त विरळ असलेल्या पुरुषांपैकी ३१ टक्क्यांच्या केसांची घनता २० टक्क्यांहून अधिक वाढली, डमी गटात कुणाचीच नाही. ऐकायला फार छान. पण ७८ माणसं, त्यातले पुरुष, त्यातलेही जास्त विरळ असलेले... उरले किती? ती चाचणी मुळात औषध सुरक्षित आहे का हे बघायला होती. तिसरा टप्पा पुढेच आहे.

तिसरं केएक्स-८२६, चीनच्या किंटॉर कंपनीचं. तिसऱ्या टप्प्यात गेलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं की डमीपेक्षा ठोस फरक सिद्ध झाला नाही. दुसऱ्या टप्प्यात हेही आशादायक होतं.

---

सायखेडाकर | १८ जाने., सकाळी ६:५०

राम राम. आमच्याकडे निफाड पट्ट्यात आज कडाक्याची थंडी, बागेत निघायच्या आधी लिहितो.

डॉक्टर ताईंनी डमी गटाचं सांगितलं ते आम्हा द्राक्षवाल्यांना लगेच समजतं. मागल्या हंगामात एक विक्रेता फुगवणीचं नवं टॉनिक घेऊन आला. मी म्हटलं देतो फवारून, पण मधल्या पाच ओळी कोऱ्या ठेवणार. तो म्हणाला, दादा कशाला नुकसान करता? मी ऐकलं नाही. पंधरा दिवसांनी मणी मोजले. टॉनिकच्या ओळीत १७ एमएम. आनंद झाला. मग कोऱ्या ओळीत कॅलिपर लावला, तिथंही १७. ढगाळ हवा सरून ऊन पडलं होतं, फुगवण त्याची होती.

कोरी ओळ ठेवली नसती तर आज मीच गावभर त्या टॉनिकचं नाव सांगत फिरलो असतो. डोक्याचं तर याहून अवघड. माणूस औषध सुरू करतो तेव्हा बरं जेवतो, नीट धुतो, आशेने आरशात बघतो. म्हणून एकट्या माणसाचा "मला गुण आला" हा व्हिडिओ मी धरत नाही.

---

म्हसरूळची | १८ जाने., सकाळी ९:३०

सायखेडाकर काका, तुमचं उदाहरण आमच्या प्रशिक्षणात वापरू का? अगदी मनापासून विचारतेय.

मी एका रुग्णालयात चाचणी समन्वयक आहे. केसांची नाही, मधुमेहाची चाचणी असते आमच्याकडे. पण चौकट सगळीकडे तीच, म्हणून इंदिरानगरी दादांच्या क्लिनिकबद्दल कळकळीने सांगते.

चाचणीतलं औषध कुणी विकत देत नाही. भाग घेणाऱ्याने औषधाचे पैसे भरायचे नसतात. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. आधी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, आमच्याकडे मराठीत असतं. मी स्वतः एकेका माणसासोबत तास-तास बसते. एक आजोबा प्रत्येक पानावर थांबून विचारायचे, "बाई, डमी मिळालं तर कळणार का मला?" नाही कळणार, मलाही नाही कळत, म्हणूनच ती चाचणी. हे ऐकून त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग सही केली. असं व्हायला हवं.

भारतातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. ती २००७ मध्ये सुरू झाली, जून २००९ पासून नोंद सक्तीची आहे. कुणीही घरी बसून शोधू शकतं. औषधाचं नाव टाका: कुठल्या शहरात, कुठल्या रुग्णालयात, कोणत्या समितीची मंजुरी, सगळं दिसतं. त्या क्लिनिकला नोंदणी क्रमांक विचारा. आणि कुपीवरचं लेबल वाचायला मागा.

दुसरं: पीपी४०५ हे लावायचं जेल आहे. "तेच औषध इंजेक्शनमधून" हे वाक्यच जुळत नाही.

---

त्वचेचं_गणित | १८ जाने., सकाळी १०:०२

म्हसरूळच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. नेटवर आरयू५८८४१ सारख्या पावडरी विकणारेही आहेत. फ्रान्समधलं जुनं रसायन आहे ते, माणसांवरच्या चाचण्या कधी पूर्णच झाल्या नाहीत. कुणी घरी घोळ तयार करून लावत असेल तर कृपा करून थांबा.

---

आयुर्तेल_घरपोच | १८ जाने., सकाळी ११:१५

[प्रतिसाद काढला आहे. धाग्यावर विक्री नको. – संपादक]

---

देवळाली_आई | १८ जाने., दुपारी २:४०

विषय थोडा वेगळा आहे, पण चाचण्यांची फळं माझ्या घरात आली आहेत, म्हणून लिहिते.

माझी मुलगी २२ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी कानामागे रुपयाएवढी चाई पडली. आजी म्हणाली कांद्याचा रस चोळा, चोळला. मग दुसरी, तिसरी, आणि सहा महिन्यांत डोकं, भुवया, पापण्या सगळं गेलं. पापण्या नसल्या की डोळ्यात धूळ किती जाते हे मला तेव्हा कळलं. ती कॉलेजला ओढणी घट्ट बांधून जायची, मैत्रिणींच्या घरी जाणं बंद केलं.

डॉक्टरांनी सांगितलं, हे टक्कल संप्रेरकांचं नाही, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांवर उठलीय. बॅरिसिटिनिब सुरू केलं. हो, कोविडच्या वेळी ऐकलेलं तेच. आधी क्षयाची तपासणी, रक्त, कावीळ, लिपिड, सगळं झालं. क्षयासाठीची मॅन्टूची सुई टोचल्यावर ती दोन दिवस हाताकडे बघत होती.

चार महिने काही नाही. मी रोज रात्री ती झोपली की मोबाइलचा उजेड मानेवर धरून बघायचे. पाचव्या महिन्यात एके दिवशी तिनेच माझा हात धरून मानेवर ठेवला, "आई, खरखर लागतंय." पांढरी लव होती. ती हळूहळू काळी झाली. आता अकरावा महिना, बॉयकटएवढे केस आहेत.

मधे खर्चामुळे आम्ही मनानेच डोस अर्ध्यावर आणला, तर महिन्याभरात एक चाई परत पडली. तसं कुणी करू नका. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो.

---

त्वचेचं_गणित | १८ जाने., दुपारी ३:३०

ताई, लिहिल्याबद्दल आभार. तुमच्या लेकीला माझे आशीर्वाद.

चाईचं क्षेत्र गेल्या दहा-बारा वर्षांत खरंच पालटलं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला टोफासिटिनिब हे संधिवाताचं औषध दिलं, तिथून वाट फुटली. बॅरिसिटिनिब जून २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मंजूर झालं, मग २०२३ मध्ये रिटलेसिटिनिब, तेही १२ वर्षांपासून पुढे, आणि २०२४ मध्ये ड्यूरुक्सोलिटिनिब. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ३८.८ आणि ३५.९ टक्के लोकांच्या डोक्याचा ८० टक्के किंवा अधिक भाग ३६ आठवड्यांत केसांनी झाकला गेला. डमी गटात ६.२ आणि ३.३ टक्के. म्हणजे तीव्र रोगात तिघांत एकाला भरघोस गुण. बाकीच्या दोघांनाही हे आधीच सांगावं लागतं, ते मला सर्वांत जड जातं.

या औषधांवर गंभीर संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, कर्करोग यांचा ठळक इशारा आहे. आपल्याकडे क्षय घरोघरी, म्हणून ती तपासणी टाळायची नाही. आणि अनुवंशिक टकलावर ही औषधं नाहीत. चाईचे "आधी-नंतर" फोटो दाखवून अनुवंशिक टकलाच्या माणसाला गोळ्या विकल्या गेल्याचं मी पाहिलंय. संताप येतो.

---

विदर्भातून_नाशकात | १८ जाने., सायंकाळी ५:१०

आमच्या शेगावकडची गोष्ट आठवली. डिसेंबर २०२४ अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा भागात लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीत यायला लागले. लहान पोरी, बाया, म्हातारे, सगळे. १८ गावांतले २७९ जण. कुणी शांपूला दोष दिला, कुणी विहिरीच्या पाण्याला. आयसीएमआरचं पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हाचे नमुने तपासून सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आहे. माझ्या आत्याच्या शेजारची पोरगी डोक्यावर रुमाल बांधून शाळेत जायची, लग्नं अडली होती तिकडे. नंतर बऱ्याच जणांना केस येऊ लागले.

सांगायचं एवढंच, केस जाण्याची कारणं हजार. आधी कारण शोधा.

---

पंचवटी_केशकर्तन | १८ जाने., रात्री ८:४५

धंद्याला ३० वर्षं झाली. डेंग्यू, चिकनगुन्या येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी गिऱ्हाईक घाबरून येतं, कंगव्यात पुंजके. मी त्यांना सांगतो हे परत येतात. पण ज्याचा कोपरा सरकतो आणि भोवरा उघडा पडतो, ते वेगळं. मला मागून दिसतं, गिऱ्हाइकाला दोन वर्षांनी दिसतं.

इंदिरानगरी भाऊ, फोटो काढा. केस ओले करून, एकाच जागी, एकाच उजेडात, दर महिन्याला एकाच तारखेला. कोरड्या केसांचे फोटो धरू नका, हवेने फुगतात. आणि रामकुंडावर मुंडण केलं की केस दाट येतात असं दर सिंहस्थात ऐकतो. दाट येत नाहीत. वस्तऱ्याने टोक बोथट होतं म्हणून हाताला राठ लागतात.

---

शालिमार_दुपार | १८ जाने., रात्री १०:३०

मला फिनास्टेराइडवर वेगळं मत मांडायचंय. मी घेतलं. चौथ्या महिन्यात इच्छा कमी झाली, बायकोशी बोलताही येईना. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले मनाचे खेळ आहेत. मी गोळी बंद केली, दोनेक महिन्यांत पूर्ववत झालो. युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्मघाताचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम म्हणून मान्य केलाय. "सुरक्षित आहे, घ्या" एवढं म्हणून चिठ्ठी देणं मला पटत नाही. थांबणारा माणूस मूर्ख नसतो.

---

त्वचेचं_गणित | १८ जाने., रात्री ११:०५

शालिमार, तुम्हाला तसं उत्तर द्यायला नको होतं. रोगी सांगतो तेव्हा ऐकायचं असतं.

आकडे असे आहेत. मूळ चाचण्यांत पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी औषध घेणाऱ्यांत ३.८ टक्के, डमी घेणाऱ्यांत २.१ टक्के. बहुतेकांना त्रास होत नाही, पण ज्याला होतो त्याच्यासाठी तो पूर्ण खरा असतो. नैराश्याचा इतिहास असेल तर मी आधी विचारते, आणि घरच्या एका माणसाला सांगून ठेवा म्हणते. डोक्याला लावायच्या फिनास्टेराइडबद्दलही अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०२५ मध्ये सावध केलंय, तेही अंगात शोषलं जातं. आणखी एक: फिनास्टेराइड घेत असताना पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा साधारण निम्मा दिसतो. पन्नाशीच्या पुढच्यांनी डॉक्टरांना सांगायचंच. गर्भवतीने फुटलेली गोळी हाताळू नये.

मात्र फिनास्टेराइडला "नाही" म्हणणं आणि काहीच न करता थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिनॉक्सिडिल वेगळ्या वाटेने काम करतं, संप्रेरकांना हात लावत नाही.

---

मखमलाबाद_रुंदभांग | १९ जाने., सकाळी ७:५५

सगळीकडे पुरुष पुरुष. आमचा भांग रुंदावतो त्याचं काय?

---

त्वचेचं_गणित | १९ जाने., सकाळी ९:१५

अगदी बरोबर प्रश्न. क्लॅस्कोटेरोनच्या त्या दोन्ही मोठ्या चाचण्या पुरुषांच्याच होत्या. पीपी४०५ च्या चाचणीत बायकाही होत्या. आज तुमच्यासाठी लावायचं मिनॉक्सिडिल आहे. कमी मात्रेची मिनॉक्सिडिल गोळीही डॉक्टर देतात, पण चेहऱ्यावर लव आणि पायांना सूज येऊ शकते. ब्राझीलमध्ये ९० पुरुषांवर झालेल्या चाचणीत ५ मिलिग्रॅमची गोळी लावायच्या औषधापेक्षा सरस ठरली नाही, २०२४ मध्ये छापून आलं. म्हणजे गोळी जादूची नाही, सोयीची आहे. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या.

---

नाशिकरोड_बाबा | १९ जाने., सकाळी १०:४०

माझं बाळ सात महिन्यांचं, माझ्या डोक्यावर हात फिरवत झोपतं. मिनॉक्सिडिल लावू की नको?

---

त्र्यंबकरोड_औषधवाला | १९ जाने., सकाळी ११:१०

मी फार्मासिस्ट आहे. बाळाचा हात, गाल ओल्या डोक्याला लागू देऊ नका. स्पेनमध्ये वडिलांनी लावलेल्या मिनॉक्सिडिलमुळे बाळांच्या अंगावर लव वाढल्याच्या नोंदी आहेत. तिथेच २०१९ मध्ये पित्ताच्या औषधाच्या जागी चुकून मिनॉक्सिडिल भरलं गेलं आणि बाळांच्या अंगभर केस आले होते. लावून हात धुवा, उशीवर स्वतःचा टॉवेल टाका, बाळाला डोक्यापासून लांब झोपवा. आणि आपल्या डॉक्टरांशीही बोला.

---

रविवारकारंजा | १९ जाने., दुपारी १:२०

आता माझं लिहितो, कारण मूळ प्रश्न थांबण्याचा होता.

२०१२ मध्ये बातमी आली की टक्कल असलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन डी२ नावाचं केसवाढ रोखणारं द्रव्य जास्त सापडतं, पेनसिल्व्हेनियाच्या कोट्सारेलिस यांच्या गटाचं संशोधन. ते अडवणारं सेटिपिप्रँट नावाचं रसायन दुसऱ्या आजारासाठी आधीच तयार होतं. मला वाटलं, आता झालंच. मी तेव्हा मिनॉक्सिडिल लावत होतो, बरं टिकलं होतं. पण रोज दोनदा लावायचा कंटाळा, उशी चिकट, आणि वाटलं आता वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न. बंद केलं.

सहा महिन्यांत राखलेलं सगळं गेलं. तरी थांबलो, चाचणी सुरू आहे म्हणून. त्या चाचणीत ते औषध डमीपेक्षा सरस ठरलं नाही, २०२१ मध्ये निकाल छापून आला. तोवर माझा भोवरा आणि कपाळ एक झालं होतं. पुढे प्रत्यारोपणासाठी गेलो तर सर्जन म्हणाले मागचे केस इतक्या जागेला पुरणार नाहीत, आधी यायला हवं होतं.

बाळा, नवं औषध आलं तरी त्याला मूळ जिवंत सापडायला हवं. तुझ्या मॅडमनी स्क्रीनवर दाखवलेला तो लव असलेला केस आहे ना, त्याचं मूळ अजून जिवंत आहे. तो राख.

---

शालिमार_दुपार | १९ जाने., दुपारी २:०५

काका, हे वाचून माझं मत थोडं बदललं. मीही फिनास्टेराइड सोडल्यावर सगळंच सोडलं होतं. मिनॉक्सिडिलचं विचारतो.

---

म्हसरूळची | १९ जाने., दुपारी ३:००

एक व्यवहाराची गोष्ट. पुढेमागे भारतात यातली एखादी चाचणी आली आणि कुणाला भाग घ्यायचा असेल, तर आधीची औषधं ठरावीक महिने बंद असावी अशी अट असते. त्या आशेने आज औषध टाळू नका. चाचणी समोर आली की तेव्हा ठरवता येतं.

---

इंदिरानगरी | २० जाने., रात्री ९:१५

सर्वांचे मनापासून आभार. काल क्लिनिकमध्ये गेलो, सीटीआरआयचा क्रमांक विचारला. समोरच्या माणसाने दोन वेळा आत जाऊन विचारलं, मग म्हणाला "सर, हे आमचं स्वतःचं मिश्रण आहे." कुपी मागितली, लेबल नव्हतं. नमस्कार करून बाहेर पडलो. घरी येऊन नोंदवहीत शोधलं, नाशिकच्या नावापुढे त्या क्लिनिकचं काहीही नाही.

आज मॅडमकडे परत गेलो. शालिमार दादांचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी अर्धा तास दिला. आधी सहा महिने फक्त मिनॉक्सिडिल, मग फोटो बघून फिनास्टेराइडचं ठरवायचं, असं ठरलं. चुलतभावाला रविवारकारंजा काकांचा प्रतिसाद पाठवला. त्याचाही कोपरा सरकलाय, बोलला नव्हता कधी.

केस ओले करून गच्चीत आईने फोटो काढले. कपाळाचा काढताना म्हणाली, "तुझ्या बाबांचे काढले असते तेव्हा."

एकच विचारायचंय. ड्रॉपरचं १ मिली केसांना चोळायचं की कसं?

---

त्र्यंबकरोड_औषधवाला | २० जाने., रात्री ९:५०

केसांना नाही, कातडीला. केस कोरडे, बोटाने भांग पाडून थेंब थेंब टाळूवर, मग हलक्या हाताने पसरवायचं. सकाळी १ मिली, रात्री १ मिली, ६० मिलीची बाटली महिनाभर पुरते. चार तास डोकं धुवायचं नाही. झोपायच्या दोन तास आधी लावा म्हणजे उशीला कमी लागेल. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटेल, जुने केस जागा सोडतात, तेव्हा बंद करू नका. छातीत धडधड किंवा पायांना सूज आली तर लगेच डॉक्टर.

---

रविवारकारंजा | २० जाने., रात्री १०:१०

आठवड्यातून एकदा कंटाळा येईल. तेव्हा इथे लिही.

---

सायखेडाकर | २१ जाने., सकाळी ६:४०

आमची काढणी एप्रिलपर्यंत आटपते. मे महिन्याच्या वीस तारखेला तुझे फोटो टाक, त्याच गच्चीतले. मी आठवणीने बघतो.